जांभूळ नावाचं गाव

वर्तमानपत्रात जांभूळ हे नाव येतं ते बहुतेक वेळा एकाच बातमीत. औद्योगिक विकास महामंडळाच्या जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती आहे, अमुक दिवशी पाणी बंद, नागरिकांनी साठवून ठेवावं. कल्याण-डोंबिवलीपासून नवी मुंबईच्या कारखान्यांपर्यंत, अंबरनाथ-उल्हासनगरपासून मीरा-भाईंदरपर्यंत लाखो माणसं हे नाव ओळखतात, पण पंपाचं नाव म्हणून. त्या नावाचं एक गाव आहे, ते केंद्राच्या आधीपासून आहे, तिथे भातशेती आहे, गावदेवी आहे, याची दखल त्या बातमीला घ्यावी लागत नाही. हे मला वर्षानुवर्षं सलत आलं आहे. शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे फळाची ओळख सरकारदरबारी नोंदली गेली. गावाची ओळख कुणी नोंदवली?

माझं म्हणणं एवढंच, की जांभूळसारख्या गावालाही इतिहास असतो आणि तो लिहिता येईल इतका पुरावाही असतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला: तिथे किल्ला नाही, लढाई नाही, राजा नाही, मग लिहायचं काय? इतिहास म्हणजे राजा, हे आपल्या शाळांनी इतकं घट्ट बसवलं आहे की या परिसरात इतिहास म्हटला की बोट थेट अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जातं. मंदिर थोरच आहे. शिलाहारांच्या काळातला तिथला लेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. त्यात राजाचं आणि त्याच्या अधिकाऱ्यांचं नाव मिळतं. पण ते मंदिर उभं राहत असताना तिथे राबणाऱ्या माणसांना भात कोणी पुरवलं, हे तो लेख सांगत नाही. त्यानंतर 26 वर्षांनी, 1086 मध्ये, इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातल्या गावांची मोजदाद करवली. ती डूम्सडे बुक म्हणून ओळखली जाते. नांगर किती, गिरण्या किती, कुळं किती, डुकरं चरायला रान किती, असं सगळं त्यात आहे. हेतू करवसुलीचा होता, पण त्यामुळे आज इंग्लंडमधलं चाळीस घरांचं खेडंसुद्धा आपली गोष्ट तिथून सुरू करू शकतं. 1538 पासून तिथल्या चर्चला बारसं, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. या कागदांवर पुढे शेकडो खेड्यांचे इतिहास उभे राहिले. 1899 मध्ये तिथे परगण्यांचा गाववार इतिहास लिहिण्याचं काम सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. हॉस्किन्स नावाच्या अभ्यासकाने 1955 मध्ये दाखवून दिलं की शेताचा बांध आणि वाकडी पायवाट हीसुद्धा वाचता येणारी कागदपत्रं आहेत.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्याकडे कागद होते, आपल्याकडे कुठे? हे खरं नाही. आपल्याकडे कागद आहेत, आपण ते फक्त जातीच्या दाखल्यासाठी उघडतो. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्राला अचानक कळलं की तहसील कचेऱ्यांत, शाळांत, भूमी अभिलेखात किती दप्तर पडून आहे. गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, मोडीतले कागद, सगळं बाहेर आलं. चर्चच्या नोंदवहीत जे असतं तेच यात आहे: कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचा बाप कोण. पण त्या वह्यांमधून सगळ्यांनी एक शब्द शोधला आणि वही मिटली. पानावरचे बाकीचे शब्दही तितकेच बोलके आहेत. कोणत्या साली गावात किती पोरं दगावली, पहिली मुलगी शाळेत कधी गेली, एखादं कुटुंब पटावरून कधी नाहीसं झालं, हे सगळं त्याच शाईत आहे.

नावही पुरावा असतं. जांभूळ ओढ्याकाठी, ओलीच्या जमिनीत वाढतं, आणि त्याचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. इंग्लंडमध्ये ओकच्या झाडांवरून ओकली नावाची गावं आहेत, तशी आपल्याकडे वड, चिंच, उंबर, पळस यांची. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी आधी जमिनीची ओल पाहिली होती. उल्हास नदीच्या खोऱ्यात पाण्याकाठच्या झाडाचं नाव घेतलेलं गाव आज लाखोंच्या पाण्याचं ठिकाण आहे. केंद्रामुळे गाव झाकलं गेलं, असं मी वर म्हटलं. पण आजूबाजूच्या गावांची नावं ज्या वेगाने गृहसंकुलांच्या इंग्रजी नावांखाली जात आहेत ते पाहता, निदान हे नाव रोज उच्चारलं जातं ते त्या केंद्रामुळेच, हेही मला मान्य करावं लागतं. आणि पाण्याबद्दल तक्रार करायची तर आधी मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली या गावांचा विचार करावा लागेल. याच पाण्यासाठी बारवी धरणाची उंची वाढवली गेली, साठा सुमारे 340 दशलक्ष घनमीटरवर गेला आणि त्यांच्या जमिनी, घरं पाण्याखाली गेली. मोबदल्यासाठी आणि घरटी एका नोकरीसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. जांभूळ निदान कोरडं राहिलं. म्हणून मला तिथे रागाची जागा सापडत नाही, पण खंत जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कागदावर इतिहास लिहाल तर तो ज्यांचं नाव कागदावर आहे त्यांचाच होईल. हे पूर्ण खरं आहे, आणि इथे माझा आधीचा उत्साह मलाच आवरावा लागतो. सातबारा घ्या. 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला, कूळ मालक झालं, फेरफार झाला. गावाच्या आयुष्यातली ही केवढी मोठी घटना, आणि ती गाव नमुना 6 मध्ये दोन ओळींत आहे. पण त्याच वहीत पुढे पाहत गेलं की आणखी एक प्रकार दिसतो. बाप वारला की वारस म्हणून मुलगे आणि मुली, सगळ्यांची नावं चढतात. मग काही वर्षांनी एक फेरफार येतो: बहिणींनी हक्कसोड केली. नावं कमी. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गुंठ्याचे भाव वाढले, महामार्गांसाठी संपादन आलं, तशी ही हक्कसोडीची सही अधिक निकडीची झाली. बहिणीला माहेर तुटू द्यायचं नसतं, म्हणून ती सही करते. कागदात लिहितात ‘स्वखुशीने’. या एका शब्दाइतका अन्याय्य शब्द महसुलाच्या भाषेत दुसरा नसेल. ज्या बाईने पंधरा-वीस पावसाळे त्या खाचरात आवणी केली, राब भाजला, मळणीला उभी राहिली, तिचा त्या जमिनीशी असलेला सगळा संबंध त्या शब्दाने पुसला जातो, आणि शंभर वर्षांनी कोणी नुसत्या सातबारावरून इतिहास लिहायला बसला तर त्याला वाटेल, या घरात मुलीच नव्हत्या. भावाची बाजू मला कळते. कर्ज, कर, बांधाची भांडणं त्याने सोसलेली असतात. पण सोसल्याचा मोबदला वाटणीत मागता येतो, त्यासाठी नाव पुसावं लागत नाही.

कातकऱ्यांचं तर नाव पुसण्याइतकंही चढलेलं नसतं. वीटभट्टीवर अर्धं वर्ष, उरलेलं पावसाचं, घर दुसऱ्याच्या जागेत. सातबारावर शोधाल तर ते या खोऱ्यात राहिलेच नाहीत असं वाटेल, आणि रानातली वाट, नदीतला मासा, रानभाजीचा पहिला कोंब सगळ्यांत आधी त्यांना ठाऊक. म्हणून गावाचा इतिहास कागदाने सुरू करावा, पण कागदावर संपवू नये. आगरी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण किती पिढ्यांची आठवण तोंडपाठ ठेवते! गुराख्याला जुन्या पायवाटा कळतात. हे पुरावे सरकारी शिक्क्याचे नाहीत, पण खोटेही नाहीत. दोन्ही शेजारी ठेवावेत, आणि जिथे पटत नाहीत तिथे तसं लिहावं.

तिसरा आक्षेप थकलेल्या माणसांचा: ही गावं दहा-वीस वर्षांत शहरात विरणारच, मग खटाटोप कशाला? शहर इथे नवीन नाही. 1856 मध्ये कल्याणहून पुढे पळसदरीकडे आगगाडी गेली तेव्हापासून ते येत आहे. शेजारचं उल्हासनगर पाहा. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, आणि 1949 मध्ये त्या छावणीला नवं नाव मिळालं. त्या लोकांनी सिंधमधल्या आपल्या गावांच्या, गल्ल्यांच्या आठवणी मनात जपून आणल्या. त्यांचं गाव सीमेपलीकडे राहिलं होतं, तरी ते त्यांनी विसरलं नाही. इथे गाव पायाखाली आहे, ते विसरण्याचं काहीच कारण नाही.

सगळ्यांत आधी जाईल ते शेतांचं नाव. कागदावर गट क्रमांक असतो, पण प्रत्येक खाचराला घरात एक नाव असतं: कोणाच्या आजीवरून, तुटलेल्या बांधावरून, पूर्वी तिथे असलेल्या झाडावरून. ते कुठल्याही नमुन्यात नाही. जांभूळमध्ये, आणि अशा प्रत्येक गावात, शाळेतल्या मुलांनी या वर्षी वडीलधाऱ्यांना, विशेषतः माहेरी आलेल्या आत्यांना, ती नावं विचारावीत आणि गट क्रमांकांसमोर एका वहीत लिहून काढावीत. आणि जो कोणी जमिनीच्या कागदावर सही करायला निघाला असेल, त्याने त्याआधी त्या तुकड्याचं घरातलं नाव विचारून लिहून ठेवावं.