धूर, झडप आणि साक्ष

जुनी डिझेल गाडी काळा धूर ओकू लागली, की पहिला संशय इंजेक्टरवर जातो आणि दुसरा डिझेल पंपावर. हे दोन्ही भाग महागडे. निवासी शाळेच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात त्यांचा खर्च बसवायचा म्हणजे दुसऱ्या कशाला तरी कात्री लावावी लागते. आमच्या शाळेच्या २०१२ सालच्या, भारत स्टेज ३ मानकाच्या गाडीबाबत आम्हांला हाच सल्ला मिळाला. ही गाडी रात्री-अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलांना तालुक्याच्या रुग्णालयात नेते. चढावर तिची दमछाक होऊ लागली, तेव्हा प्रश्न केवळ धुराचा उरला नाही.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. एकाच कागदावर विसंबून निष्कर्ष काढू नये, ही शिस्त त्या विषयाने आमच्या अंगी बाणवली. तीच येथे लावून पाहण्याचे ठरले. एका रविवारी शाळेचे चालक, ओळखीचे मिस्त्री आणि दहावीची काही मुले असे आम्ही सारे गाडीभोवती जमलो.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधन. डिझेल जास्त झाले किंवा ताजी हवा कमी पडली, तर तो येतो. हवेचा मार्ग तपासायला पैसा लागत नाही. म्हणून आरंभ तिथून केला. एअर फिल्टर स्वच्छ होता, टर्बोची रबरी नळी कुठे फाटलेली नव्हती. उरली ईजीआर झडप. इंजिनातून बाहेर पडणारा थोडा वायू ही झडप पुन्हा आत सोडते. त्या वायूत प्राणवायू कमी असतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी तयार होतात. मात्र पूर्ण जोर लागतो तेव्हा ही झडप मिटलेली असावी लागते. ती उघडीच अडकली, तर ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो, ताकद घटते आणि धूर वाढतो.

आमच्या गाडीत ही झडप व्हॅक्यूमवर उघडते. तिची नळी काढून तोंड बंद केले आणि गाडी चढावर नेली. नियंत्रण बिघडल्यामुळे झडप उघडी राहत असती, तर आता फरक पडला असता. तो पडला नाही. मग हातपंपाने व्हॅक्यूम दिला. काटा स्थिर राहिला, म्हणजे पडदा शाबूत होता. पण दांडा हलेना. दोन साक्षी जुळल्या. झडप खोलली, तर बैठकीवर तेलकट काजळीचा कठीण थर होता. वरून रॉकेल ओतताच ते खाली झिरपले. साफ केल्यावर तेच रॉकेल थेंबभरही गळले नाही. इंजेक्टरला हात लावण्याची गरज उरली नाही. खर्च नव्या गॅस्केटचा आणि काजळी काढायच्या द्रावणाचा.

परंतु खरी कसोटी पुढे होती. मिस्त्री म्हणाले, “सर, मधे पत्रा टाकून ही वाटच बंद करू. पुन्हा काजळी नाही, कटकट नाही. पीयूसीलाही गाडी पास होईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डिझेल गाडीच्या त्या चाचणीत धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. पत्रा टाकला असता, तर काळा धूर गेला असता, प्रमाणपत्र मिळाले असते आणि डोळ्यांना न दिसणारे विष वाढले असते. आमची गाडी उभी राहते ती वसतिगृहाच्या खिडक्यांखाली. ही ऑक्साइडे श्वासनलिकेचा दाह करतात आणि दम्याच्या मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो. तपासनीसाला दिसत नाही म्हणून दोष नाही, असे आम्ही मुलांसमोर कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

आम्ही पत्रा नाकारला. मिस्त्रींनीही वाद न घालता झडप नीट बसवली. गाडी चढ चढली. धूर उरला नाही. काजळी पुन्हा साचणार, हे आम्ही जाणतो. म्हणून गाडीच्या नोंदवहीत मुलांनी एक नवा रकाना आखला आहे: ‘झडप तपासली – दिनांक, काय आढळले, कोणी पाहिले.’ त्यातील पहिली नोंद एका विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरात आहे.