लंडनच्या भुयारांत आमची वरात

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें आम्हांस वर्गांत अनेकदां सांगितलें जातें. तें खोटें नाहीं. परंतु शहाणपण पदरीं पडण्यापूर्वीं मनुष्यास किती वेळां वेडें ठरावें लागतें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. २०२३ सालच्या मे महिन्यांत लंडन शहरीं मला तो अनुभव आला.

आमची वरात चौघांची होती. बाबा पुढारी, आई खजिनदार, आजी सत्तरी ओलांडलेली, नऊवारी नेसलेली, आणि इंग्रजीचे 'थँक्यू' व 'नो' एवढे दोनच शब्द जाणणारी, आणि चौथा मी. माझ्याकडे एकच काम सोपविलें होतें : गर्दींत आजीचा हात धरावयाचा.

पहिल्याच सकाळीं बसगाडीनें आमची परीक्षा घेतली. बाबांनीं चालकापुढें नोट धरली; त्यानें नम्रपणें मान हालविली. लंडनच्या बसगाड्यांत २०१४ सालापासून रोख पैसे घेत नाहींत, कार्ड यंत्रास टेकवावें लागतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. मागें रांग खोळंबली, तरी कोणी ओरडेना. त्या शांततेनेंच आम्हांस अधिक लाज वाटली. आम्ही निमूटपणें उतरलों. "बस नको, भुयारी गाडीनेंच हिंडूं," असें बाबांनीं जाहीर केलें.

ही भुयारी रेल्वे जगांतील सर्वांत जुनी. १० जानेवारी १८६३ रोजीं तिचा पहिला भाग लोकांस खुला झाला. तिचा नकाशा हें तर बाबांचें दैवतच होऊन बसलें. हॅरी बेक नांवाच्या एका आरेखकानें तो १९३१ सालीं आंखला व १९३३ सालीं तो लोकांच्या हातीं पडला. बेकनें खरीं वळणें काढून टाकून सरळ रेघा ओढल्या व स्टेशनें जवळजवळ सारख्या अंतरानें मांडलीं. गाडी कोठें बदलावी हें त्यावरून चटकन् कळतें. परंतु दोन स्टेशनें खरोखर किती दूर आहेत, हें त्या नकाशास विचारूं नये.

बाबांनीं नेमकें तेंच विचारलें. लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जाण्यासाठीं त्यांनीं आम्हांस सरकत्या जिन्यानें पाताळांत उतरविलें. त्या जिन्यावर उजव्या बाजूस उभें राहून डावी बाजू घाईच्या लोकांस मोकळी सोडावयाची असते. आम्हीं दोन्ही बाजू अडविल्या. शेवटीं गाडींत बसलों, आणि नीट बसतों न बसतों तोंच मुक्काम आला! हें अंतर अवघें २६० मीटरांच्या आसपास आहे. तेथें लिफ्टपुढें गर्दी पाहून बाबांनीं मला घेऊन गोल जिना धरला. त्याला १९३ पायऱ्या आहेत. आम्ही धापा टाकीत वर आलों, तों आई व आजी लिफ्टनें येऊन आमची वाट पाहत होत्या. "नकाशांत पायऱ्या दाखवीत नाहींत वाटतें?" एवढेंच आजी म्हणाली.

खरा प्रसंग तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ओढवला. वेस्टमिन्स्टरचें पार्लमेंटभवन व घड्याळाचा मनोरा पाहून आम्ही पॅडिंग्टनजवळच्या बिऱ्हाडीं परतण्यासाठीं फलाटावर उभे होतों. 'सर्कल' मार्गाची गाडी आली. आजी फलाट व गाडी यांमधील फट पाहून सावधपणें पाऊल टाकीत आंत गेली. मी मात्र कॅमेऱ्यांत टिपलेला मनोरा पाहण्यासाठीं नेमका त्याच क्षणीं तिचा हात सोडला होता. दारें मिटलीं. कांचेआड आजीचा चेहरा क्षणभर दिसला आणि भुयारांत नाहींसा झाला.

माझे हातपाय गार पडले. आईच्या तोंडून शब्द फुटेना. बाबांनीं तेवढ्यांतही नकाशा उघडला. "घाबरूं नका. हा मार्ग वर्तुळाकार आहे. ती बसून राहिली तर फिरून येथेंच येईल. मी पुढच्या गाडीनें जातों," असें म्हणून ते गेलेही, आणि परदेशांत चालणारा आमचा एकुलता एक मोबाइल त्यांच्याच खिशांत गेला.

बाबांचें हें ज्ञान एका जुन्या प्रवासवर्णनांतलें होतें. डिसेंबर २००९ पासून त्या वर्तुळाचें वर्तुळपण संपलें आहे. गाडी आतां शहरास वेढा घालून एजवेअर रोडला थांबते.

इकडे आईनें एका रेल्वे-कर्मचाऱ्यास गांठलें. नऊवारीस इंग्रजींत काय म्हणावें तें सुचेना, तेव्हां तिनें पदर व कासोटा हातांनींच करून दाखविला. त्यानें हसूं आवरून पुढच्या स्टेशनास विचारलें, आणि आम्हांस तिकडे जाण्याची खूण केली.

सेंट जेम्सेस पार्कच्या फलाटावर आजी बाकावर स्वस्थ बसली होती. शेजारीं एक वृद्ध इंग्रज बाई. दोघींच्या मध्यें आमच्या शंकरपाळ्यांची पुडी. एकीस मराठी येत नव्हतें, दुसरीस इंग्रजी; तरी संभाषण रंगांत आलें होतें. मी आजीस मिठी मारून रडूं लागलों.

"अरे वेड्या, जत्रेंत चुकामूक झाली तर एका जागीं बसून राहावें, हें आम्हांला लहानपणींच शिकविलेलें. सगळेच शोधीत फिरले तर सांपडणार कोण?" मग थोडें थांबून ती म्हणाली, "तुझा बाप मघांशीं येथूनच गेला. मीं हात हालविला. पण त्याचें डोकें नकाशांत होतें."

बाबा पॅडिंग्टनलाही उतरले नाहींत. वर्तुळावर श्रद्धा ठेवून ते बसून राहिले, आणि एजवेअर रोडला सर्वांबरोबर त्यांसही उतरावें लागलें. त्या एकाच नांवाचीं दोन निराळीं स्टेशनें जवळजवळ आहेत. बाहेर जाऊन परत येतांना ते दुसऱ्यांतच शिरले. रात्रीं नऊ वाजतां ते बिऱ्हाडीं पोंचले, तेव्हां दार आजीनेंच उघडलें. बाबा तिच्या पायांशीं मटकन् बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आधीं जेवून घे," आजी म्हणाली, आणि त्या विषयावर पुन्हां एक अक्षरही बोलली नाहीं.

दोष त्या शहराचा नव्हता, नकाशाचाही नव्हता. आमच्या अर्धवट ज्ञानाचा आणि माझ्या निष्काळजीपणाचा होता. उरलेले चार दिवस आम्ही त्याच गाड्यांनीं आनंदानें हिंडलों. फरक एवढाच कीं, नकाशा आईच्या पिशवींत गेला, बाबा वाटेंत माणसांस विचारूं लागले, आणि मीं आजीचा हात एकदांही सोडला नाहीं.