दोष चेहऱ्याचा नव्हता

फोटो काढणे हा माझा धंदा नव्हे. सारी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून झाली. रविवार आला की कॅमेरा गळ्यात. पण या छंदात जे शिकलो ते आपल्या प्रत्येकाच्या घरातील अल्बमशी निगडित आहे, म्हणून हे चार शब्द.

१९८९ साली थोरल्या बहिणीच्या मंगल परिणयाचे फोटो एका धंदेवाईक फोटोग्राफरने काढले. पांढऱ्या साड्या लखलखीत आल्या; आईचा चेहरा मात्र नुसता काळा डाग. विचारले तर म्हणाला, "माणसं काळी, तर फोटो काळेच येणार." आई काही बोलली नाही. ते फोटो तिने पेटीच्या तळाशी टाकले. मला ते जिव्हारी लागले. पुढच्या वर्षी बोनसच्या पैशातून जुना कॅमेरा घेतला आणि कारण शोधू लागलो.

कारण साधे निघाले. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला माणूस कळत नाही. समोर आहे ते मध्यम करड्या रंगाचे, असे धरून तो चालतो. समोर पांढरी वस्त्रे भरपूर असली की उजेड फार झाला असे समजून तो प्रकाश कमी करावयास सांगतो. त्यात मरण सावळ्या चेहऱ्याचे! पुढे वाचनात आले की, रंगीत छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी लॅबना गोऱ्या बाईच्या फोटोचे नमुना-कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड निघावयास १९९० चे दशक उजाडले. म्हणजे मापच गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेले होते.

इलाज हळूहळू सापडला. ३६ फोटोंच्या रोलमधील प्रत्येक फोटोचे आकडे मी वहीत लिहीत असे: छिद्र किती, वेग किती, ऊन कोणत्या बाजूचे. रोल धुऊन आला की वही उघडून ताडून पाहायचे. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, प्रकाश मोजायचा तो आपल्या तळहातावर, माणूस ज्या उजेडात उभा आहे त्याच उजेडात. आणि त्याहून एक घर जास्त द्यायचा. दुसरी, भर दुपारच्या उन्हात उभे करायचे नाही. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. दारातल्या सावलीत बसवावे, बाजूला पांढरी चादर धरावी. तिचा उजेड चेहऱ्यावर परततो.

असाच एका सकाळी ओट्यावर आईचा फोटो काढला. कपाळावरचे गोंदण, गालाच्या सुरकुत्या, सारे स्वच्छ आले. तिने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "ही मीच हाय व्हय?"

आता घरोघरी मोबाईल आहे, रोलचा खर्च नाही. परंतु नियम तोच. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेड थोडा वाढवून पाहा. पांढऱ्या साडीच्या चुण्या पुसल्या जाऊ लागल्या की थांबा, माणसाला सावलीत घ्या. चेहरा गोरा करणारी सोय मात्र बंदच ठेवा.

घरातील वडीलधाऱ्यांचा एक तरी असा फोटो या महिन्यात काढा. त्याची कागदावर प्रत घ्या आणि पाठीमागे नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. नातवंडांना आजीचा चेहरा दिसला पाहिजे, जसा होता तसा.