पडद्यावरचा पूल

मिरजगाव. दूरचित्रवाणीवरील अतिमानवाने कोसळता पूल खांद्यावर तोलून धरल्याचे दृश्य घरातील मुले श्वास रोखून पाहत असता, १९९७ साली दूरदर्शनवर अवतरलेल्या शक्तिमानाचे स्मरण झाले खरे. परंतु मन जाऊन थांबले ते महाडला, सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला तेथे. त्या काळोखात एका गॅरेजवाल्याने भर पावसात रस्त्यावर धावत जाऊन येणारी वाहने थोपविली, ही हकिकत मला कोणत्याही अतिमानवाच्या पराक्रमाहून थोर वाटते. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, हे निःसंशय स्तुत्य. तथापि जुन्या पुलांची तपासणी दफ्तरी नोंदीपुरती न राहता दर पावसाळ्यापूर्वी पायथ्याशी उतरून व्हावी, असे मला कळकळीने वाटते.