पान कुठलं?

एटापल्लीत मे महिन्यात कुणी नुसतं ‘पान’ म्हटलं की ते तेंदूचंच. पहाटे माणसं रानात, दुपारी अंगणात पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. पाऊस सुरू झाला की तोच शब्द परत पानठेल्यावर जाऊन बसतो. कुठलं पान, हे इथं कुणी विचारत नाही. विचारतो तो बाहेरचा. सुरुवातीला मी विचारायचो.

माझं पान तिसरंच आहे. मी इकडच्या काही शाळांचे आणि ग्रामसभांचे संगणक सांभाळतो. यंत्रं जुनी, परवान्याला पैसे नाहीत, म्हणून बहुतेकांवर लिनक्स. पावसाळ्यात नेट जातं, कधी कधी तीन-तीन दिवस. मग गूगल नाही की व्हिडिओ नाही. उरतात ती डिस्कवर आधीच येऊन पडलेली मॅन पेजेस, म्हणजे प्रत्येक कमांडचं माहितीचं पान. नागपुरातल्या मित्रांना हा म्हाताऱ्यांचा छंद वाटतो. मला ती ढोलीत भरून ठेवलेल्या धानासारखी वाटतात. बाजार बंद पडला की त्यांची किंमत कळते.

माझ्याजवळ एक माडिया मुलगा काम शिकतो. बारावी झालेला, टायपिंग माझ्यापेक्षा जलद. मागच्या श्रावणात एका शाळेच्या संगणकावर रोज रात्री बॅकअप घ्यायचा होता. त्यासाठी क्रॉनटॅबमध्ये एक ओळ लिहायची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे कमांड. नेट नव्हतंच. मी म्हटलं, पान उघड. त्यानं ‘मॅन क्रॉनटॅब’ लिहिलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “सर, पान तर गावलं, पण वेळ कशी लिहाची थे यात नाहीच.”

खरंच नव्हतं, कारण क्रॉनटॅब नावाची पानं दोन आहेत. एक कमांडचं, विभाग १ मधलं. दुसरं फाईलच्या मांडणीचं, विभाग ५ मधलं. वेळेचे पाच रकाने त्या दुसऱ्या पानावर. नुसतं नाव दिलं की पहिलं मिळतं. दुसरं हवं तर ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ म्हणावं लागतं. पासवर्डच्या पानाचं तसंच, प्रिंटएफचंही तसंच. मी हे सांगितलं. त्यावर त्याचा प्रश्न, “पण पहिलंच का? कोणं ठरवलं?”

हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता.

ठरवलंय एका फाईलनं. उबुंटू-डेबियनवर ती ईटीसी फोल्डरात असते, नाव मॅनपाथ डॉट कॉन्फिग. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात हीच फाईल मॅन अंडरस्कोर डीबी डॉट कॉन्फ या नावानं भेटते. शंभरावर ओळी. पानं कुठल्या फोल्डरांत शोधायची ते वरच्या भागात. पुढं ‘सेक्शन’ या शब्दानं सुरू होणारी एक ओळ, तिच्यात विभागांचा क्रम: आधी १, मग एन आणि एल ही दोन अक्षरं, मग ८, मग ३. आपला ५ बराच मागं. या रांगेत जो विभाग आधी, त्याचं पान आधी. म्हणजे ही ओळ ठरवते की नुसतं ‘पान’ म्हटल्यावर कुठलं समजायचं. आमच्याकडे हे मे महिना ठरवतो, तिथं ही ओळ.

विभागांचे आकडे मात्र फाईलच्याही आधीचे. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं. कमांड पहिल्या विभागात आणि फाईलची मांडणी पाचव्यात, हे तेव्हापासून. त्या वेळी एटापल्ली चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आमच्या जिल्ह्यापेक्षा हा ‘५’ वयानं मोठा.

मुलाला आता फाईलचीच गोडी लागली. मधल्या भागात ‘डिफाइन’च्या बऱ्याच ओळी असतात, सगळ्यांच्या आधी हॅशची खूण. हॅश म्हणजे ही ओळ वाचू नको, असं यंत्राला सांगणं. त्यानं पेजरच्या, म्हणजे पान पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीचा हॅश काढला, फाईल साठवली, पान उघडलं. काहीच बदललं नाही. परत हॅश टाकला, तरी तेच. “सर, हे फाईल वाचतच नाही काय?”

वाचते. पण त्या ओळींच्या वर बारीक टीप आहे, तिचा अर्थ असा: या ओळी बंद ठेवल्यात, कारण त्यांत लिहिलेलीच मूल्यं आधीपासून लागू आहेत, बदल हवा असेल तर खूण काढा आणि मूल्यही बदला. म्हणजे हॅश असलेली ओळ इथं ‘बंद’ नाही. जे चालूच आहे ते वाचणाऱ्याला दिसावं म्हणून लिहिलेली ती नोंद आहे. नवशिक्या इथं हमखास अडकतो. हॅश दिसला की त्याला वाटतं, ही सोय अजून मिळालेली नाही. मीही कित्येक वर्षं कुठलीही कॉन्फिग फाईल उघडली की हॅशच्या ओळी ओलांडून जात होतो, शेताच्या बांधावरून जावं तसा. आता आधी त्याच वाचतो. काय गृहीत धरलंय ते तिथंच कळतं.

आणि फाईलमध्ये जे आहे तेच लागू आहे, असंही नसतं. याचा फटका मला बसला तो माझ्याच हातानं. एका ग्रामसभेच्या लॅपटॉपवर सामूहिक वनहक्काचे नकाशे असतात. तिथं नकाशाचं एक सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरात बसवताना त्याची पानं सापडावीत म्हणून मी मॅनपाथ नावाचं व्हेरिएबल लिहून ठेवलं आणि विसरलो. दोन महिन्यांनी तक्रार आली की एकाही कमांडचं पान उघडत नाही. मी फाईल उघडून बसलो. ओळ न् ओळ जुळवली. पॅकेजं सांभाळणाऱ्या डीपीकेजीला व्हेरिफाय करायला लावलं. पॅकेजसोबत आलेल्या फाईलपेक्षा तुमची वेगळी असेल तर तो प्रश्नचिन्हांच्या रांगेत एक ५ छापतो, आणि फाईल जशीच्या तशी असेल तर गप्प राहतो. गप्प राहिला. फाईल कोरी करकरीत होती आणि पान एकही नाही. दुपार गेली.

शेवटी ‘मॅनपाथ’ हीच कमांड चालवली, म्हणजे यंत्रालाच विचारलं की बाबा, तू शोधतोस कुठं? पहिल्याच ओळीत त्यानं सांगितलं: व्हेरिएबल दिलेलं आहे, म्हणून कॉन्फिग फाईलकडे दुर्लक्ष करतोय. मी दिलेला एकच फोल्डर तो शोधत होता, बाकी सगळं सोडून. त्या ओळीच्या शेवटी एक कोलन टाकला की ‘हे आणि शिवाय नेहमीचंही’ असा अर्थ होतो. एक कोलन. ग्रामसभेच्या अध्यक्षांना मी सांगितलं, किरकोळ होतं. कुणाची चूक ते सांगितलं नाही.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय: आधी यंत्राला विचारायचं, मग फाईल. मॅनला डब्ल्यूचा पर्याय दिला तर तो पान उघडत नाही, ते कुठून उघडेल तो पत्ता छापतो. तपासायला याहून सोपं काही नाही.

मुलाचं म्हणणं, शाळेतल्या यंत्रांवर ‘सेक्शन’च्या ओळीत ५ ला सरळ पुढं आणून टाकू. मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. पण उद्या तो चंद्रपूरला किंवा पुण्याला कुणाच्या यंत्रासमोर बसेल, तिथं क्रम जुनाच असेल. बोटांना ‘५’ लिहायची सवय असलेली बरी. शिवाय बदललेली फाईल म्हणजे पुढच्या प्रत्येक अपग्रेडला तोच प्रश्न: तुमची ठेवू की नवी घेऊ? आणि तेव्हा मी तिथं असेन याचा भरवसा नाही.

मग त्यानं त्या ओळीतल्या अक्षरांकडे बोट दाखवलं. १ नंतर एन, मग एल. एन जुन्या प्रथेनं ‘न्यू’चा, तिथं आता टीसीएल-टीकेची पानं असतात. आणि एल? लोकल, मी म्हटलं. त्या त्या ठिकाणच्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या पानांसाठी. आमच्या एकाही यंत्रावर त्या विभागात पान नव्हतं. तरी रांगेत त्याची जागा ८ च्या आधी, ३ च्या आधी, ५ च्याही आधी.

मॅन ही कमांड ज्या पॅकेजातून येते त्या मॅन-डीबीच्या अनुवादित पानांत जर्मन आहे, फ्रेंच आहे, जपानी आहे. डेबियनमध्ये मराठी पानांचं पॅकेज नाही, माडियाचा तर प्रश्नच नाही. नेट तिसऱ्या दिवशीही आलं नव्हतं. मुलानं संध्याकाळभर बसून ‘वेळ’ नावाचं एक पान मराठीत लिहिलं. पाच रकाने, तीन उदाहरणं, बॅकअपची ओळ आणि शेवटी सूचना: पूर्ण माहितीसाठी क्रॉनटॅब, विभाग ५. यूएसआर-लोकलच्या खाली मॅन-एल नावाचा फोल्डर करून त्यानं ते तिथं ठेवलं. कॉन्फिग फाईलला हातही लावला नाही. मग डब्ल्यू देऊन विचारलं, आणि यंत्रानं त्याच्या पानाचा पत्ता छापला.

मे महिन्यात तो पंधरा दिवस आला नाही. पानाला गेला होता.