जालन्याची कार्बन-खतावणी

मॉरिशसचा कार्बनचा हिशेब मांडणाऱ्याचं एक काम समुद्रानंच केलेलं असतं. कोळसा, डिझेल, पेट्रोल जे काही बेटावर येतं ते बंदरातून येतं आणि तिथेच त्याची नोंद होते. एकोणिसाव्या शतकात आपली मराठी माणसं ज्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेली, ते मळे, जंगल, वस्ती, वीजघरं, सगळं जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरांत. जालना जिल्हा त्याच्या पावणेचार पट मोठा आहे. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती, म्हणजे त्या देशाहून जास्त. पण मॉरिशस देश असल्यामुळे त्याला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारापुढे उत्सर्जनाचा ताळेबंद ठेवावा लागतो. जिल्ह्याला तो कुणी मागत नाही.

तरीही तो मांडायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. माझा विषय मातीतला कार्बन. त्यामागे फिरताना जालन्याचे आठही तालुके पायाखालून गेले आणि एक गोष्ट पक्की झाली. या जिल्ह्यातला मोठा कार्बन, सुटणारा असो की साठणारा, आकाशातून दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रावर विसंबून जालन्याचा नकाशा रंगवला, तर दोन्ही बाजू चुकतील.

आधी सुटणारा कार्बन बघू. जालना म्हटलं की सळई. एमआयडीसीतल्या फर्नेसमध्ये चुंबकाच्या क्रेननं भंगार पडतं, त्यात स्पंज आयर्न मिसळतात, वितळलेल्या धातूचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळया बाहेर पडतात. इंडक्शन फर्नेस विजेवर चालते. एक टन धातू वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ६०० युनिट धरले, तर टनामागे ४२० किलो झाले. पण हा वायू जालन्यात सुटतच नाही. तो परळी, कोराडी, चंद्रपूर अशा वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून सुटतो. स्पंज आयर्नचंही तेच. आपल्याकडे ते बहुतांशी कोळशावर बनतं आणि त्याच्या एका टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोही जालन्याच्या हद्दीबाहेर.

मग हा भार कुणाच्या नावावर लिहायचा? वीजकेंद्राच्या, जालन्याच्या, की पुण्या-मुंबईत त्या सळईवर इमारत उभी करणाऱ्याच्या? माझं उत्तर असं की जालन्याच्या खतावणीत तो वेगळ्या खात्यात, पण ठसठशीत लिहावा. हा केवळ कागदी वाद नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२४मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. तयार पोलादाच्या एका टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते पोलाद हरित. भंगार जास्त वापरणारी जालन्याची मिल या कसोटीवर सहज उतरू शकते. स्पंजचं प्रमाण वाढलं की २.२ टनांच्या मर्यादेपासूनचं तिचं अंतर झपाट्यानं कमी होतं. फर्नेसमधून निघालेलं बिलेट थंड न होऊ देता थेट रोलिंगला घेतलं, तर ते पुन्हा तापवण्याचा कोळसा वाचतो, हेही या हिशेबात दिसायला हवं.

आता साठणारा कार्बन. जिल्ह्याचं वनाच्छादन जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे, म्हणून 'जालन्यात झाडं लावा' हा ओरडा सतत असतो. झाडं लावावीतच. पण एका कडुनिंबाचा हिशेब करून पाहा. जमिनीपासून साडेचार फुटांवर एक मीटर घेर आणि दहा मीटर उंची असलेल्या निंबाचं मुळांसकट वाळलेलं वजन पाचशे किलोच्या घरात जातं. त्यात कार्बन निम्म्याहून थोडा कमी, २३५ किलो धरू. कार्बन डायऑक्साइडच्या मापात तो होतो सुमारे ८६० किलो. एवढं झाड व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि त्यानं त्या काळात साठवलेला सगळा कार्बन दोन टन धातू वितळवण्याच्या विजेत संपतो.

शिवाय वनाच्छादनाचा आकडा सांभाळून वाचावा लागतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, दहा टक्क्यांहून जास्त झाडोऱ्याच्या कुठल्याही जमिनीचा समावेश होऊ शकतो, मालकी कुणाचीही असो. म्हणजे मोसंबीची दाट बागही त्यात बसू शकते, आणि बांधावरचा एकटा निंब किंवा बाभूळ मात्र सुटते. मोसंबीच्या खात्याचा भरवसाही पावसावर. २०१२-१३च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांत वाळलेल्या बागा शेतकऱ्यांनी उपटल्या, लाकूड सरपणाला गेलं. वर्षानुवर्षं साठलेला कार्बन एका हंगामात हवेत परतला.

राहिली माती, आणि खरी तिजोरी तीच आहे. एक हेक्टर शेत, ३० सेंटिमीटर खोली; एवढ्या मातीचं वजन सुमारे ३,९०० टन भरतं. तिच्यातला सेंद्रिय कार्बन ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर गेला, तर हेक्टरी ३.९ टन कार्बन वाढला, म्हणजे १४ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. वरच्या निंबासारखे सोळा-सतरा वृक्ष एका हेक्टरात गाडून ठेवावेत, तेवढं हे झालं. आणि तोच ०.१ टक्का घटला, तर तेवढाच वायू कुणाच्याही नजरेस न पडता निघून जातो.

ही माती मोजणं किचकट आहे. मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. त्यामुळे एकाच घनफळातल्या मातीचं वजन ऋतूप्रमाणे बदलतं. म्हणून मी नमुने नेहमी एकाच हंगामात घेते. खड्ड्याच्या भिंतीत लोखंडी नळकांडं ठोकून नेमक्या घनफळाची माती काढायची, १०५ अंशांवर वाळवायची आणि मग वजन करायचं. घनसावंगीकडच्या एका शेतावर हे चाललेलं बघून मालक म्हणाले होते, "ताई, कापूस मापात घालतेत ते ठाव हाय, माती मापात घालताना पहिल्यांदाच बघतोय."

दुसरी अडचण चुनखडीची. आपल्या काळ्या मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की ती फसफसते, कारण तिच्यात चुना असतो. त्या चुन्यातही कार्बन आहे, पण तो शेणखतातून किंवा मुळांतून आलेला नाही. नुसती माती जाळून कार्बन मोजणारं यंत्र हे दोन्ही एकत्र मोजतं आणि चुनखडीचं रान उगाच श्रीमंत दिसतं. म्हणून एक तर आधी आम्लानं चुना काढावा लागतो किंवा जुनी डायक्रोमेटची पद्धत वापरावी लागते. तिच्यात शेवटी जांभळट निळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो. पण त्या पद्धतीत सेंद्रिय कार्बनचा साधारण चौथा हिस्सा निसटतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे ही चौकशी न करता एका नकाशावर चिकटवले, तर गावागावांत जो फरक दिसेल तो मातीचा नसून पद्धतीचा असेल.

या तिजोरीत भर घालायची कशानं, हे शेतकऱ्याला माहीत आहे. शेणखत, तुरीची पानगळ, न जाळता रानातच बारीक केलेली पऱ्हाटी, बांधबंदिस्तीमुळे जागेवर थांबलेली वरची माती. जिल्ह्यातल्याच कडवंची गावात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं जलतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम उभं केलं. त्याची ओळख शेततळी आणि द्राक्षं अशी झाली. मला मात्र तिथली वाहून न गेलेली माती जास्त मोलाची वाटते.

सगळंच सरळ नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००६च्या मार्गदर्शिकेप्रमाणे आपल्याकडचा एक बैल वर्षाला सुमारे २७ किलो मिथेन सोडतो. बैलजोडीचा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या मापात दीड टन भरतो, म्हणजे साडेपाचशे लिटरहून अधिक डिझेल जाळल्यासारखं. या एका आकड्यावर ट्रॅक्टर जिंकतो. पण दावणीची जनावरं गेली की उकिरडा गेला आणि रानाला शेणखत मिळेना. युरिया वाढला, त्यातल्या नत्राचा सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो आणि त्या वायूची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त आहे. बैलांचा मिथेन, ट्रॅक्टरचं डिझेल, युरिया आणि मातीतली घट ही चारही खाती एका पानावर आल्याशिवाय कोणता शेतकरी पर्यावरणाला जड, हे कुणी ठरवू नये.

म्हणून माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. प्रत्येक तालुक्यात कोरडवाहू कापूस-तूर, सोयाबीन, मोसंबी, ऊस आणि गायरान अशा जमिनींवर कायमच्या जागा ठरवाव्यात. दर पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर आणि त्याच पद्धतीनं तिथली माती मोजावी. परभणीचं कृषी विद्यापीठ, त्याचं बदनापूरचं संशोधन केंद्र आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र एवढ्यांच्या बळावर हे होण्यासारखं आहे. मिलवाल्यांनी विजेची बिलं आणि भंगार-स्पंजचं प्रमाण द्यावं. सुरुवात मंठा आणि जाफराबादपासून करावी, कारण तिथल्या हलक्या, उताराच्या रानांतून पहिल्या पावसातच माती वाहून जाते.