इथे म्हणजे कुठे

आजीच्या ओव्या मी स्वतःच्या हाताने पुसल्या. प्रोग्राम जेमतेम बारा ओळींचा, सी भाषेतला, रविवारी सकाळी चहा निवायच्या आत लिहिलेला.

आजी पाटण तालुक्यातली. १९९४च्या उन्हाळ्यात मामाने जात्यापाशी टेपरेकॉर्डर ठेवून तिचा आवाज भरून घेतला होता. बुरशी लागलेली ती कॅसेट मी बंगळुरूला आणली, कशीबशी एकदा वाजवली, एकतीस फायली केल्या. त्यानंतर टेप तुटली. ध्वनी साफ करताना झालेले कच्चे तुकडे ‘काम’ नावाच्या फोल्डरमध्ये साठले होते, तेवढे मला काढून टाकायचे होते.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची एक जागा ऑपरेटिंग सिस्टिमने नोंदवून ठेवलेली असते. तिला वर्किंग डिरेक्टरी म्हणतात. फाइलचा पत्ता मुळापासून सांगितला नाही, नुसतं नाव घेतलं, की ते या जागेपासून शोधलं जातं. आई साताऱ्याहून फोनवर म्हणते, ‘इकडे पाऊस नाही बाबा.’ इकडे म्हणजे कुठे, हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. तसंच.

ही जागा बदलायची तर सिस्टिमला विनंती करावी लागते. त्या कॉलचं नाव ‘चडिर’, चेंज डिरेक्टरीचं आखूड रूप. काम झालं तर उत्तर शून्य, नाही झालं तर उणे एक. मी विनंती केली आणि उत्तर वाचलंच नाही. आदल्या रात्री ‘काम’चं नाव मीच बदलून ‘जुनं काम’ केलं होतं. त्यामुळे उत्तर उणे एक आलं असणार. पण अशा वेळी प्रोग्राम आपण होऊन थांबत नाही. तो होता तिथेच राहतो आणि पुढच्या ओळीला लागतो. पुढची ओळ होती : इथल्या सगळ्या ध्वनिफायली पुसा. मी तो ओव्यांच्या फोल्डरमधून चालवला होता.

कच्चे तुकडे मात्र सुखरूप राहिले.

पुसलेलं परत मिळवायची साधनं दोन रात्री चालवली. सहा ओव्या आल्या, त्यांतल्या दोन अर्ध्या.

नंतर, चोर गेल्यावर कुलूप म्हणतात तसं, मी एक वेगळा छोटा प्रोग्राम लिहिला : आधी जागा तपासायची, मग बदलायची. तो बिनतक्रार चालला, संपला, आणि मी टर्मिनलवर पाहतो तर होतो तिथेच. जन्मलेली प्रोसेस आईची जागा घेऊन जन्मते. पुढे ती कुठेही गेली तरी आई जागची हलत नाही. हे मला पाठ होतं, तरी विसरलो. थोडा दिलासा एवढाच, की याच गोष्टीने युनिक्स घडवणाऱ्यांनाही चकवलं होतं. डेनिस रिची यांनीच ते लिहून ठेवलंय. बेल लॅब्समधल्या पीडीपी-७ यंत्रावर नवी प्रोसेस जन्माला घालणारा ‘फोर्क’ आला, अवघ्या २७ ओळींच्या असेंब्लीत, आणि तोवर नीट चालणारी जागा बदलण्याची आज्ञा एकाएकी निकामी झाली. सगळ्यांनी कोड पुन्हा पुन्हा वाचला. आज्ञेत चूक नव्हतीच. ती आता नव्या प्रोसेसची जागा बदलत होती, आणि ती प्रोसेस लगेच मरत होती. शेवटी ते काम शेलला स्वतःच्या पोटात घ्यावं लागलं. आपण रोज टाइप करतो ती ‘सीडी’ म्हणूनच स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालत नाही.

आईला सांगायला मला आठवडा लागला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘गेल्या तर गेल्या. मला येतात की थोड्या. फोन हाय तिथंच ठेव, बोलू नको मधी.’

तिने गायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला अडली, पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच अडली. म्हणाली, ‘हितं नाही आठवत. जातं समोर पायजे.’

जातं मामाच्या परसात आहे, तुळशीखाली. दिवाळीला आम्ही दोघं पाटणला जाणार आहोत.